इस्रायल-पॅलेस्टाईन : हे भांडण दोन धर्मांचं आहे का?

प्रश्न माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा आहे. नववी-दहावीची मुलं मोबाइलवर गाझाच्या बातम्या बघून येतात आणि विचारतात, "मॅडम, ज्यू आणि मुसलमान हजारो वर्षांपासूनचे वैरी आहेत ना?" वर्गात काही मुसलमान मुलं आहेत, ती अशा वेळी खाली मान घालून बसतात. उत्तर काय द्यावं आणि त्यात धर्माचा भाग किती सांगावा, असं त्यांनी विचारलं आहे. पश्चिम आशियाचा इतिहास मी महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवला, त्या अनुभवावरून लिहितो.

मॅडम, पहिलं वाक्य ठामपणे सांगा : हे वैर हजारो वर्षांचं नाही. ते साधारण सव्वाशे वर्षांचं आहे, आणि ते जमिनीवरून व त्या जमिनीवर राज्य कोणाचं यावरून सुरू झालं. दुसरं वाक्यही तितकंच ठामपणे सांगा : आज धर्म त्यात खोलवर उतरला आहे, आणि 'हे निव्वळ राजकारण, धर्माचा काही संबंध नाही' म्हणणारे अर्धीच गोष्ट सांगतात. भावकीत बांधावरून लागलेलं भांडण देव्हाऱ्यापर्यंत जावं तसं हे गेलं. ते तिथवर कोणी, कधी, कुठल्या निर्णयाने नेलं याच्या तारखा आहेत आणि त्या शिकवता येतात. 'सनातन वैर' असं एकदा म्हटलं की कोणीच जबाबदार उरत नाही. साम्राज्य चालवणारे सुटतात, नेते सुटतात, निःशस्त्र माणसांवर बंदूक चालवणाराही सुटतो.

आधी धर्मांबद्दल. आचार आणि धर्मशास्त्र पाहिलं तर इस्लामला ज्यू धर्माइतका जवळचा दुसरा धर्म नाही, असं माझं मत आहे. एकच निराकार ईश्वर, मूर्तीला पूर्ण मनाई, सुंता, डुकराचं मांस वर्ज्य, जनावर कापण्याची ठरलेली रीत, रोजच्या प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा. खाण्यापिण्यापासून लग्न, व्यापार आणि वारसाहक्कापर्यंत सगळ्याला लागू होणारं शास्त्र दोन्हीकडे आहे, आणि त्याचा अर्थ लावणारे विद्वानही. बायबलमधला मोशे कुराणात मूसा म्हणून येतो, आणि कुराणात सर्वांत जास्त वेळा नाव येतं ते त्याच प्रेषिताचं. अब्राहाम म्हणजेच इब्राहिमच्या दोन मुलांपैकी इसहाकपासून ज्यू आपला वंश सांगतात, तर इस्माईलपासून अरब. बकरी ईदमागची कथा तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना माहीत असेल. तीच कथा ज्यूंच्या तोरामध्येही आहे, फक्त वेदीवर मुलगा इसहाक आहे. वर्गात तिथून सुरुवात करा. खाली मान घालून बसलेल्या मुलांनाही त्या तासाला सांगण्यासारखं काही असेल.

जेरुसलेम दोघांनाही का हवं, हे इथेच सांगून टाका. तिथल्या एका टेकडीवर ज्यूंचं मंदिर होतं. दुसऱ्यांदा बांधलेलं ते मंदिर रोमन सैन्याने इ.स. ७० मध्ये जाळून पाडलं. बरीच मुलं ते मुसलमानांनी पाडलं असं समजतात, पण तेव्हा इस्लामच्या उदयाला पाच शतकांहून जास्त काळ बाकी होता. प्रेषित मुहंमद एका रात्रीत मक्केहून जेरुसलेमला आले आणि तिथून स्वर्गारोहण केलं, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. मक्केची दिशा ठरण्यापूर्वी पहिले मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. सातव्या शतकाच्या अखेरीस टेकडीवर सोनेरी घुमटाची वास्तू उभी राहिली, जवळच अल-अक्सा मशीद आहे. ज्यूंसाठी ही मंदिराची टेकडी, मुसलमानांसाठी हरम अल-शरीफ. जेमतेम पस्तीस एकरांचं आवार. टेकडीला आधार देणाऱ्या प्राचीन तटाचा पश्चिमेकडचा तुकडा म्हणजे ज्यू जिथे प्रार्थना करतात ती पश्चिमी भिंत.

आता मधली बारा-तेरा शतकं. इथे दोन खोट्या गोष्टी फिरतात. एक, मुसलमान राजवटीत ज्यू सुखाने नांदत होते. दुसरी, त्यांचा सतत छळच होत होता. मदीनेत प्रेषितांचा तिथल्या ज्यू टोळ्यांशी करार झाला, तो मोडला, दोन टोळ्या हद्दपार झाल्या आणि ६२७ मध्ये बनू कुरैझा टोळीच्या पुरुषांना ठार करण्यात आलं. हे मुलांपासून लपवू नका, मोबाइलवर त्यांना ते कोणीतरी विखारी शब्दांत सांगणारच आहे. पण ती एका शहरातली, एका युद्धातली घटना होती. तिच्यावरून पुढच्या सगळ्या शतकांचा निष्कर्ष निघत नाही. नंतरच्या मुस्लिम राज्यांत ज्यूंना 'ग्रंथधारक' म्हणून संरक्षण होतं, आपला धर्म पाळण्याची आणि आपसातले वाद आपल्या कायद्याने सोडवण्याची मुभा होती. बदल्यात जिझिया भरावा लागे आणि दुय्यम दर्जा मुकाट्याने स्वीकारावा लागे. हे समान नागरिकत्व नव्हतं. स्पेनमधल्या ग्रानडात १०६६ मध्ये ज्यूंची कत्तल झाली. बाराव्या शतकात अल-मोहाद राजवटीच्या छळामुळे मायमोनिडीस या थोर ज्यू तत्त्वज्ञाच्या कुटुंबाने कॉर्डोबा सोडलं. पण ते अखेर स्थिरावलं कुठे? कैरोत, म्हणजे दुसऱ्या मुस्लिम राज्यात. तिथे मायमोनिडीस सलाहुद्दीनच्या दरबारी वैद्य झाला आणि तत्त्वज्ञानावरचा आपला मुख्य ग्रंथ त्याने हिब्रू लिपीतल्या अरबीत लिहिला. १४९२ मध्ये ख्रिस्ती स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा त्यांतल्या हजारोंना ऑटोमन, म्हणजे तुर्की, सुलतानाने इस्तंबूल, सलोनिका, इझमीरमध्ये थारा दिला. मध्ययुगात ज्यू जिवाच्या भीतीने पळाले ते बहुतेक वेळा युरोपातून. पॅलेस्टाईनचा प्रश्नही युरोपातच जन्मला.

१८८१ नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ल्यांची लाट आली. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा खटला झाला. कितीही फ्रेंच किंवा जर्मन झालो तरी आपण परकेच राहणार, हे सुशिक्षित ज्यूंच्या लक्षात आलं. व्हिएन्नातला पत्रकार थिओडोर हर्झल याने १८९७ मध्ये बाझल इथे पहिली झायनिस्ट परिषद भरवली. पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र उभं करायचं, ही ती चळवळ. हर्झल धार्मिक नव्हता. चळवळीतले पुढचे बरेच नेते समाजवादी होते, काही उघड निरीश्वरवादी. आणि तिला सुरुवातीचा कडवा विरोध केला तो सनातनी रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी. ईश्वर पाठवणार असलेला तारणहार, मसीहा, येण्याआधी माणसांनी आपल्या बळावर राज्य उभारणं हा ईश्वराच्या इच्छेत हस्तक्षेप आहे, असं ते म्हणत. हे ऐकून वर्ग नेहमी चकित होतो.

पलीकडची बाजूही अशीच. ऑटोमन पॅलेस्टाईनमध्ये जमीनखरेदी आणि स्थलांतराविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत अरब ख्रिस्ती पुढे होते. याफातलं 'फलस्तीन' हे वृत्तपत्र १९११ मध्ये सुरू केलं ते ईसा अल-ईसा या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणसाने. पुढे साठच्या दशकात सशस्त्र गट उभारणारा जॉर्ज हबाशही ख्रिस्ती घरातलाच. या लोकांना इस्लामसाठी लढायचं नव्हतं. आपलं गाव, आपली संत्र्यांची बाग, आपला देश हातचा जातोय, ही त्यांची भीती होती.

मग पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आले. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांचं २ नोव्हेंबर १९१७ चं पत्र, ज्याला बाल्फोर जाहीरनामा म्हणतात, अगदी छोटं आहे, ते वर्गात पूर्ण वाचून दाखवा. ज्यू लोकांना पॅलेस्टाईनमध्ये 'राष्ट्रीय घर' देण्याला त्यात पाठिंबा आहे. तिथे आधीपासून राहणाऱ्या, तेव्हा जवळजवळ नव्वद टक्के असलेल्या अरबांचं नावच त्यात नाही. त्यांचा उल्लेख 'अस्तित्वात असलेले बिगर-ज्यू समुदाय' असा येतो, आणि त्यांच्या फक्त नागरी व धार्मिक हक्कांना धक्का लागणार नाही असं म्हटलं आहे. राजकीय हक्कांबद्दल अवाक्षर नाही. पुढे कारभारही त्याच धाटणीचा झाला. अरबांना निवडून आलेलं प्रातिनिधिक सरकार मिळालं नाही, मिळाली ती सर्वोच्च मुस्लिम परिषद. तिचा प्रमुख आणि जेरुसलेमचा मुफ्ती म्हणून ब्रिटिशांनी हाज अमीन अल-हुसैनी या तरुणाला बसवलं. राजकारणाचा दरवाजा बंद केला आणि धर्मसंस्थेचा उघडा ठेवला तर राजकारण कुठून आत येणार? आपल्याकडे त्याच राज्यकर्त्यांनी धर्मानुसार विभक्त मतदारसंघ दिले होते. मुलांनी तो धडा शिकलेला असतो, तेव्हा ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र १९२८-२९ ला द्या. भांडण देव्हाऱ्यात शिरलं ते तेव्हा. पश्चिमी भिंतीपुढे त्या काळी आजचं पटांगण नव्हतं, एक चिंचोळी गल्ली होती आणि समोर मगरिबी, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या, मुसलमानांची घरं. भिंत आणि गल्ली वक्फची, म्हणजे मुसलमानांच्या धर्मादाय संस्थेची, ज्यूंना प्रार्थनेची वहिवाट. सप्टेंबर १९२८ मध्ये योम किप्पूरच्या उपवासाच्या दिवशी ज्यूंनी स्त्री-पुरुषांना वेगळं बसवण्यासाठी कापडी आडोसा उभा केला. वहिवाट बदलण्याचा हा प्रयत्न आहे अशी मुसलमानांची तक्रार गेली, आणि प्रार्थना चालू असताना ब्रिटिश पोलिसांनी तो आडोसा खेचून काढला. एवढंच घडलं होतं. पण त्यानंतर वर्षभर मुफ्तीच्या माणसांनी 'ज्यू अल-अक्सा घेणार' असा प्रचार पेटवला. दुसऱ्या बाजूने 'भिंत आमची' म्हणत तरुण ज्यूंनी ऑगस्ट १९२९ मध्ये तिथे झेंडा घेऊन मोर्चा नेला. आठवड्याभरात दंगल भडकली. १३३ ज्यू मारले गेले, बहुतेक अरबांच्या हातून. ११६ अरब मारले गेले, बहुतेक ब्रिटिश पोलीस आणि सैन्याच्या गोळ्यांनी.

हेब्रोनमध्ये एका दिवसात ६७ ज्यू मेले. ही माणसं युरोपातून नव्याने आलेली झायनिस्ट वसाहतवाली नव्हती. त्यांतली बरीचशी तिथे पिढ्यानपिढ्या राहणारी किंवा धर्माभ्यासासाठी आलेली होती. काहींचा तर झायनिझमला विरोध होता. जमिनीचं भांडण धर्माच्या भाषेत मांडलं की पहिला बळी कोणाचा जातो, हे इथे दिसतं. जो वादात नव्हता, फक्त त्या धर्माचा होता, त्याचा. त्याच दिवशी हेब्रोनमधल्या कित्येक अरब कुटुंबांनी ज्यू शेजाऱ्यांना घरात लपवलं आणि दारात उभं राहून वाचवलं. दोन्ही गोष्टी एकाच तासाला सांगा. ब्रिटिश चौकशी आयोगाने हल्ल्याचा दोष अरब जमावावर ठेवला. मूळ कारण मात्र अरबांच्या राजकीय आकांक्षांचा झालेला भंग आणि जमिनीबद्दल वाटणारी धास्ती हेच सांगितलं.

पुढचा भाग पाठ्यपुस्तकात बराचसा असतो, त्यामुळे भरभर जाता येईल. १९३६ ते ३९ चं अरब बंड. साठ लाख ज्यूंचा नाझींनी केलेला संहार, आणि त्याच काळात बर्लिनमध्ये बसून नाझींचा प्रचार करणारा मुफ्ती. नोव्हेंबर १९४७ चा संयुक्त राष्ट्रांचा फाळणीचा ठराव, ज्याच्या विरोधात भारताने मत दिलं. मे १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना आणि युद्ध. त्यात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले आणि त्यांना परत येऊ दिलं गेलं नाही. पुढच्या दोन-तीन दशकांत बगदाद, कैरो, साना, त्रिपोली अशा शहरांतून जवळपास आठ लाख ज्यूंना पिढीजात घरं सोडावी लागली. बगदादच्या ज्यूंचा पॅलेस्टाईनच्या जमिनीशी काय संबंध होता? हेब्रोनमधलीच गोष्ट आता देशादेशांत घडत होती.

जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने पूर्व जेरुसलेम जिंकलं. त्याआधीची एकोणीस वर्षं, जॉर्डनच्या ताब्यात असताना, ज्यूंना पश्चिमी भिंतीपाशी जाता आलं नव्हतं. सैनिकांनी सोनेरी घुमटावर इस्रायली झेंडा चढवला. संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी तो काही तासांत उतरवायला लावला. आवाराचा कारभार वक्फकडेच राहील, ज्यू तिथे जाऊ शकतील पण प्रार्थना भिंतीपाशीच करतील, अशी व्यवस्था त्यांनी घालून दिली. मुख्य रब्बींनीही शुद्धतेच्या नियमांवर बोट ठेवून ज्यूंनी वर जाऊच नये असा फलक लावला. त्याच आठवड्यात भिंतीसमोरची मगरिबी वस्ती मात्र रातोरात जमीनदोस्त झाली, आणि तिथल्या कुटुंबांना आवराआवर करायला पुरेसा वेळही मिळाला नाही. दायान यांचा पहिला निर्णय मी शहाणपणाचा मानतो, वस्ती पाडण्याचा अन्यायाचा. ऑगस्ट १९६९ मध्ये एका ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती माथेफिरूने अल-अक्सामध्ये आग लावली. सलाहुद्दीनच्या काळचा मिंबर, म्हणजे प्रवचनाचं व्यासपीठ, जळाला. आग लावणारा ज्यू नव्हता, तरी सगळ्या मुस्लिम जगात संतापाची लाट उसळली, आणि पुढच्याच महिन्यात मोरोक्कोत रबात इथे भरलेल्या शिखर बैठकीतून इस्लामी देशांची संघटना जन्मली. अरबांचा प्रश्न तिथे मुसलमानांचा प्रश्न झाला.

यानंतर दोन्हीकडे देवाच्या नावाने बोलणारे बळावले. १९७४ मध्ये गुश एमुनिम ही चळवळ उभी राहिली. वेस्ट बँक, म्हणजे १९६७ मध्ये जॉर्डनकडून जिंकलेला प्रदेश, ही देवाने दिलेली भूमी, तिच्यावर सौदा होऊ शकत नाही, अशी तिची धारणा. १९८७ च्या अखेरीस हमास आली. तिच्या १९८८ च्या सनदेने सगळं पॅलेस्टाईन वक्फ ठरवलं, म्हणजे तडजोडीचा अधिकार कुठल्याच माणसाला उरला नाही. त्या सनदेत ज्यूद्वेषाचा मजकूर उघडपणे आहे. २०१७ च्या दस्तऐवजात हमासने आपला लढा ज्यूंशी नसून झायनिस्ट प्रकल्पाशी असल्याचं म्हटलं, पण जुनी सनद रद्द केल्याचं जाहीर केलं नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये, रमजानमध्ये, बारूख गोल्डस्टीन या वेस्ट बँकेतल्या ज्यू वसाहतीत राहणाऱ्या डॉक्टरने हेब्रोनच्या इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना मारलं. त्यानंतर काही आठवड्यांतच हमासचे आत्मघाती स्फोट इस्रायली शहरांत सुरू झाले. आणखी एक जोडी मुलांच्या लक्षात राहील. इस्रायलशी तह करणारे इजिप्तचे अन्वर सादात यांना १९८१ मध्ये मारलं ते मुसलमान अतिरेक्यांनी, आणि पॅलेस्टिनींशी करार करणारे यित्झाक राबिन यांना १९९५ मध्ये मारलं ते एका धार्मिक ज्यू तरुणाने.

७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याला हमासने अल-अक्साचं नाव दिलं. सुमारे १,२०० माणसं मारली गेली, त्यांत बहुसंख्य नागरिक होते, आणि २५१ जणांना पळवून नेलं. त्यानंतरच्या इस्रायली हल्ल्यांत २०२५ च्या मध्यापर्यंत गाझात ६०,००० हून अधिक माणसं मेल्याचं तिथलं आरोग्य खातं सांगतं, त्यांत हजारो मुलं. या दोन्हींबद्दल वर्गात सारख्याच स्पष्टपणे बोला. एका बाजूच्या मेलेल्या मुलांबद्दल बोलताना आपला आवाज खाली जात असेल, तर विद्यार्थ्यांना ते लगेच कळतं.

धर्म फक्त आगीत तेल ओतायलाच आहे का? नाही, आणि हा भाग सहसा सांगितला जात नाही. ज्यू शास्त्रात जीव वाचवणं जवळजवळ प्रत्येक आज्ञेच्या वर मानलं जातं. त्याच आधारावर बगदादमध्ये जन्मलेले रब्बी ओवादिया योसेफ यांनी सत्तरच्या दशकाअखेर निर्णय दिला की खरी शांतता मिळून प्राण वाचणार असतील तर जिंकलेली भूमी परत देता येते. पुढे अरबांबद्दल त्यांची भाषा अत्यंत कडवट झाली, पण तो निर्णय शास्त्राच्या आधारावर दिलेला आहे आणि आजही उद्धृत होतो. इस्लामी शास्त्रात दीर्घ मुदतीच्या तहाची तरतूद आहे, तिला हुदना म्हणतात, आणि तिला प्रेषितांनी मक्केशी केलेल्या तहाचा आधार आहे. रब्बी मेनाहेम फ्रोमान स्वतः वेस्ट बँकेतल्या वसाहतीत राहत, तरी हमासच्या शेख यासीन यांना भेटून दोन्ही धर्मांच्या भाषेत तहाची बोलणी करू पाहत. राबिन यांनी पॅलेस्टिनींशी केलेला तो करार म्हणजे ऑस्लो करार, आणि तो घडवणारे बहुतेक सगळे धर्मापासून लांब राहणारे होते. देवावर बोलणाऱ्यांना त्यांनी खोलीबाहेर ठेवलं, आणि बाहेरच्यांनी करार बुडवला. माझ्या मते त्या करारातली ही मोठी उणीव होती.

आता तुमच्या वर्गासाठी. 'ज्यू' म्हणजे कोण हे सांगताना इस्रायली सैनिकाचं चित्र पुढे ठेवू नका. आधी रायगडला न्या. अलिबाग-पेणच्या बाजूला तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे शनवार तेली म्हणजे बेने इस्रायल ज्यू. दिवेकर, केहीमकर, रोहेकर अशी आडनावं, घरात मराठी, आणि नवस फेडायला प्रेषित एलियाहू हन्नावीच्या नावाने मलिदा. सॅम्युएल दिवेकर टिपूच्या कैदेत असताना कुराणात बनी इस्राईलचा उल्लेख आहे म्हणून त्यांचा जीव वाचला, अशी त्यांच्या समाजात परंपरा सांगतात. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणत, आणि जवळच्या रेल्वे स्टेशनाचं मस्जिद हे नाव त्यावरूनच आलं. भायखळ्याच्या, ज्यूंनी काढलेल्या जेकब ससून शाळेत आज बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत. १९४८ नंतर बेने इस्रायलांपैकी बरेच इस्रायलमध्ये दिमोना, लोद, अश्दोदकडे गेले. तिथे त्यांच्या ज्यू असण्यावरच मुख्य रब्बींनी लग्नाच्या वेळी शंका घेतली, आणि त्यांना आंदोलन करून १९६४ मध्ये पूर्ण मान्यता मिळवावी लागली. एक धर्म म्हणजे एक मन, हा समज या एका उदाहरणाने दूर होतो.

शेवटी एक गृहपाठ सुचवतो. तीन मजकूर मराठीत करून द्या : बाल्फोर यांचं पत्र, मे १९४८ ची इस्रायलची स्वातंत्र्य घोषणा आणि नोव्हेंबर १९८८ ची पॅलेस्टाईनची स्वातंत्र्य घोषणा. मुलांनी प्रत्येकात देवाचा उल्लेख कुठे आहे आणि जमिनीचा कुठे, हे दोन रंगांनी खुणावायचं. इस्रायलच्या घोषणेत देव थेट नाही, 'इस्रायलचा खडक' असा मोघम शब्द आहे, कारण धार्मिक आणि निधर्मी सभासदांत तेवढ्यावरच एकमत झालं. पॅलेस्टाईनची घोषणा अल्लाहच्या नावाने सुरू होते आणि पहिल्याच ओळींत ही तीन एकेश्वरवादी धर्मांची भूमी असल्याचं सांगते. जोड्या लावताना मुसलमान आणि इतर मुलं मिसळून बसवा, आणि या कामाला दोन तास ठेवा, एका तासात उरकणार नाही.